एवलोगीचा पिंपातला आवाज

माणसाला कोणी चिक्कू म्हटलं तर तो दोन दिवसांत विसरतो, हट्टी म्हटलं तर आतून थोडा सुखावतोसुद्धा. पण तुझा आवाज कोबी खारवायच्या पिंपातून आल्यासारखा येतो, असं निम्मा बल्गेरिया ऐकत असताना कोणी सांगितलं, तर त्यावर औषध नाही. लोममधल्या निवृत्त भूगोल शिक्षक एवलोगीला ते मंगळवारी सकाळी सांगण्यात आलं, आणि सांगणारा मेथोदी होता, म्हणजे वर दाद मागायलाही जागा नव्हती.

हौशी रेडिओवाल्यांची ती रोजची सकाळची बैठक. बैठक म्हणायची, पण घरातून कोणी हलत नाही. ज्याने त्याने आपापल्या सेटपुढे कॉफी घेऊन बसायचं, शुमेनहून मेथोदीने एकेकाला पुकारायचं, आणि पुकारलेल्याने हवा, गुडघे आणि पेन्शन यांपैकी निदान दोन विषयांवर बोलून माइकचं बटण सोडायचं.

"एवलोगी, यंदाचा कोबी घातलास का पिंपात?" मेथोदीने विचारलं.

"नाही अजून. का रे?"

"मग तूच आत बसलेला दिसतोस. झाकणासकट."

रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं, असा कडक नियम आहे. हसण्याबाबत तसा नियम नसावा, कारण वीसेक म्हातारे एकदम हसले. एवलोगीने तेही सोसलं असतं. पण मेथोदी आवाज उतरवून पुढे म्हणाला, "मस्करी सोड. शनिवारी तुला वाचायचंय. मागे राहिलेल्या बायका ऐकायला बसतात, त्यांना शब्द कळला पाहिजे. तुला जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग, मी स्लिवेनच्या क्रस्त्योला सांगतो. त्याचा आवाज म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्याचा."

हा येणारा शनिवार पितरांचा होता. त्या दिवशी सगळं गाव उकडलेले गहू आणि वाइन घेऊन स्मशानात जातं. रेडिओवाले मात्र निघण्याआधी सकाळी सेटवर जमतात, आणि आपल्यातल्या गेलेल्यांची नावं एकजण वाचतो. बाकीचे गप्प राहतात, जे त्यांना एरवी जमत नाही. इतकी वर्षं ही नावं व्राचाचा सोतीर वाचायचा. एवलोगीला या छंदात ओढणारा तोच. तार कुठे धरायची आणि तोंड कधी बंद ठेवायचं, दोन्ही त्यानेच शिकवलं. वसंतात सोतीर स्वतःच त्या नावांत जाऊन बसला. त्याची बायको पारास्केवा हिने निरोप धाडला होता की सोतीरचा सेट मी अजून हलवलेला नाही, शनिवारी वरचं विणलेलं कापड काढून ऐकत बसेन, आणि एवलोगीने वाचावं.

आता तिच्यापुढे सोतीरचं नाव क्रस्त्योने घ्यायचं? क्रस्त्यो सोतीरला आयुष्यात एकदाच भेटला होता, आणि तेव्हाही जाताना त्याची छत्री घेऊन गेला होता.

रोगावर इलाज करायचा तर आधी रोग ओळखावा, असं एवलोगी वर्गात सांगत असे. कशाच्या संदर्भात सांगत असे ते त्याला आठवत नव्हतं, पण तत्त्व खरं होतं. तो तळघरात गेला, स्वच्छ धुऊन ठेवलेल्या निळ्या पिंपात खांद्यापर्यंत वाकला, आणि पिंपातला आवाज नेमका कसा असतो हे पाहण्यासाठी शनिवारची नावं म्हणून पाहू लागला. "गाब्रोवोचा झहारी, चिरंतन स्मृती. व्राचाचा सोतीर, चिरंतन स्मृती." आवाज घुमत होता, धीरगंभीर येत होता. खरं सांगायचं तर त्याला तो आवडला.

"शेजारी," मागून कोणी म्हणालं, "आत कोण आहे?"

इमारतीच्या व्यवस्थापिका स्तान्काबाई पाण्याचे मीटर वाचायला आल्या होत्या. एवलोगीने डोकं बाहेर काढलं.

"कोणी नाही. मी आवाज तपासतोय."

"कोबीचा?"

"माझा."

स्तान्काबाईंनी त्याच्याकडे, मग पिंपाकडे पाहिलं. "पिंप मधल्या वाटेत ठेवू नका. नियम आहे," म्हणाल्या आणि मीटरकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत कीव होती. एवलोगीला नियमापेक्षा ती जास्त लागली.

दोष सेटमध्येच होता. त्याच मॉडेलचा सेट असणाऱ्या कुणा सद्गृहस्थाने इंटरनेटवर सगळं उकलून लिहिलं होतं: माइकच्या वाटेत कारखान्याने एक चिमुकला कपॅसिटर बसवला आहे, तो आवाजातली सगळी धार गिळतो. तो उपटून टाकला की आवाज घंटेसारखा. काम वीस मिनिटांचं. खाली लोकांनी आभार मानले होते. ज्यांचे सेट त्यात कामी आले त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं, पण ते तरी कुठल्या तोंडाने लिहिणार.

बुधवारी एवलोगीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सेट उघडला. घरात चांगला उजेड तिथेच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेवेना पितरांसाठीचे गहू निवडत बसली होती. नेवेना बुधवार-शुक्रवार उपास म्हणून तेलाचा थेंब तोंडात घेत नाही, आणि त्या दोन दिवशी नवऱ्याला वाकडा शब्दही बोलत नाही. एवलोगी अवघड कामं शक्यतो याच वारांना काढतो.

"ते निघाल्यावर सेटला काही होणार नाही ना?" तिने विचारलं.

"अगं, ते नकोच आहे. आगंतुक आहे ते."

"मग बनवणाऱ्यांनी कशाला घातलं?"

"ते जपानी लोक. त्यांची बोलण्याची पद्धत वेगळी."

नेवेना पुढे काही बोलली नाही. बुधवार होता.

कपॅसिटर तिळाएवढा. भिंग एका हातात, सोल्डरिंग आयर्न दुसऱ्यात, आणि चिमटा धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. एवलोगीने चिमटा दातांत धरला. कथील वितळलं, चिमटा मिटला, 'टिक' असा बारीकसा आवाज झाला, आणि तो आगंतुक हवेत उडून कुठेतरी दिसेनासा झाला. फ्रिजखाली गेला असेल. जाऊ दे. दुखरी दाढ काढल्यावर तिला कोण शोधतं?

गुरुवारी त्याने सेट लावून माइकचं बटण दाबलं, आणि सेटच्या पोटातून किटली उकळल्यासारखी शीळ निघाली. बटण सोडलं की गप्प, दाबलं की शीळ. त्या आगंतुकाचं खरं काम एवलोगीच्या आता ध्यानात आलं: तो धार गिळत होता हे खरं, पण सेटने बाहेर फेकलेल्या लहरी परत माइकमधून घरात घुसू नयेत म्हणून दारावर राखणही तोच करत होता. राखणदाराला हाकलल्यावर घरात कोण येतं, ते सांगायला नको.

अशा वेळी शेजारी झहारी येतोच. झहारीने बंदरावर क्रेन चालवली होती, त्यामुळे जगाकडे उंचावरून बघायची त्याला सवय होती. वाटीभर लोणच्याच्या मिरच्या परत करायच्या निमित्ताने तो आत आला, आणि वाटी हातात तशीच ठेवून अर्धा तास उभा राहिला.

"दादा, अर्थिंग नाही तुझ्या सेटला."

"आहे की."

"कुठे?"

"भिंतीच्या प्लगमध्ये."

झहारी असा हसला की एवलोगीला आपण पहिलीत बसल्यासारखं वाटलं. "प्लगमधलं अर्थिंग म्हणजे परदेशी गेलेला नवरा. कागदावर सगळं आहे, हाताला काही लागत नाही. जिन्यातून हीटिंगचा पाइप गेलाय बघ, थेट जमिनीत. त्याला बांध. आमच्या क्रेनला तसंच होतं."

क्रेनला शीळ कशाला येत होती, हे विचारायचं राहून गेलं. एवलोगीने दाराच्या फटीतून तार काढून जिन्यातल्या पाइपाला क्लिपने आवळली. आणि काय सांगावं, शीळ थांबली. झहारी उगाच नम्रपणे "मी फक्त सुचवलं" असं म्हणत राहिला, आणि शेवटी लिकची, म्हणजे जाड पातीच्या कांद्याची, जुडी आणायला बाजारात गेला.

आता आवाज तपासायचा. मेथोदीसमोर पुन्हा तोंड उघडण्याआधी एवलोगीला खात्री हवी होती, म्हणून त्याने नेवेनाला छोटा रेडिओ देऊन स्वयंपाकघरात बसवलं. रेडिओवाले एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ती साध्या रेडिओवर बदकं भांडल्यासारखी ऐकू येते. तेव्हा त्याने सेटचं बटण जुन्या पद्धतीवर फिरवलं, जी कुठल्याही डबड्याला कळते. मग घसा साफ करून, शनिवारची तालीम म्हणून, सावकाश आणि ठळक आवाजात तो नावं वाचू लागला.

"येतोय," नेवेना आतून म्हणाली. "छान येतोय रे. दोन वेळा येतोय."

"दोन वेळा कसा येईल?"

"एकदा रेडिओतून. एकदा बाहेरच्या दाराजवळून."

हे ऐकायला एवलोगी थांबला नाही, कारण तो रंगात आला होता. इमारतीत याच शरदात नवा इंटरकॉम बसवला होता. खाली दाराशी पेटी, वर प्रत्येक घरात भिंतीवर फोन. त्याची केबल बसवणाऱ्यांनी काम सोपं व्हावं म्हणून जिन्यातल्या त्याच पाइपाला पट्ट्यांनी बांधून वरपर्यंत नेली होती. पाइपात एवलोगी, केबलीत एवलोगी. त्यामुळे मजल्यामजल्यावर, घराघरातल्या भिंतींतून, घंटेसारख्या स्वच्छ आवाजात एवलोगी मेलेल्यांची नावं घेऊ लागला.

वर झहारीची बायको देन्का कोबी चिरत होती. चिरण्याच्या आवाजात गावाचं नाव बुडालं, आणि भिंत म्हणाली, "झहारी. चिरंतन स्मृती."

देन्काच्या हातातली सुरी थांबली. तेवढ्यात इंटरकॉमची घंटा वाजली. तिने फोन कानाला लावला.

"अगं दार उघड, किल्ली विसरलो."

"कोण?"

"कोण काय? झहारी."

देन्काने फोन जागेवर ठेवला, छातीवर क्रॉसची खूण केली, आणि दार उघडलं नाही.

झहारी लिकची जुडी घेऊन बराच वेळ थंडीत उभा राहिला. शेवटी त्याला आत घेतलं ते स्तान्काबाईंनी, आणि त्याही आधी दाराच्या काचेकडे बघून खात्री करून. कोणी गेलं की इथे काळ्या चौकटीतली सूचना दारावर लागते, तशी झहारीची लागलेली नव्हती.

"शेजारी," त्या एवलोगीच्या दारात येऊन म्हणाल्या, "या जिन्यात कागद लावल्याशिवाय कोणी मेलेलं नाही. आधी कागद, मग बाकीचं."

"अहो, तो गाब्रोवोचा झहारी. दुसरा."

"दुसरा असेल, पण ऐकू आमच्या भिंतीत आला. शुक्रवारी दुपारी सभा आहे."

सभा खाली टपालपेट्यांजवळ भरली. नियमाप्रमाणे पुरेशी माणसं नसतील तर तासभर थांबायचं आणि मग आहेत तेवढ्यांत सभा चालवायची. पुरेशी माणसं कधीच नसतात, त्यामुळे आलेली सगळी तासभर तिथेच उभी राहून बोलतात, आणि तास संपला की तेच सगळं पुन्हा बोलतात, या वेळी स्तान्काबाई लिहून घेतात. पहिल्या तासात एवलोगीला सल्ले मिळाले: सेटखाली लाकडी फळी ठेव, सेट विकून टाक, तार लसणाने पूस. शेवटचा सल्ला रेडिओसाठी नव्हता बहुतेक, भुतांसाठी होता.

दुसऱ्या तासात स्तान्काबाईंनी ठराव वाचला. "पाइपावरची तार आजच काढावी. तसंच एवलोगी यांचा आवाज इमारतीत कुठेही ऐकू येता कामा नये."

"घरातसुद्धा?" नेवेनाने हळूच विचारलं.

"घरातलं तुम्ही दोघं बघा."

"बाई," एवलोगी उभा राहिला. सगळेच उभे होते, पण तो आणखी सरळ झाला. "उद्या पितरांचा शनिवार. मला सेटवर नावं वाचायचीत. व्राचात एक बाई वाट बघत बसेल. इलेक्ट्रिशियन आणून सही-शिक्का घेतो, फक्त उद्याची सकाळ द्या."

स्तान्काबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले होते. त्यांची सूचना अजून दारावर, पावसाने फिकी होऊन, लटकत होती. "सेट लावा," त्या म्हणाल्या. "कोण नाही म्हणतंय? फक्त आवाज नको. देन्काला काल गोळी घ्यावी लागली."

"आणि हे पण लिहा," झहारी मागून म्हणाला, "की मी जिवंत आहे."

"तो विषय अजेंड्यावर नाही."

"म्हणजे मी कागदोपत्री मेलेलाच राहू?"

"पुढच्या सभेत घेऊ."

तार काढली. तार काढताच शीळ परत आली. आता एकच उपाय होता: तो आगंतुक, म्हणजे आता लक्षात आल्याप्रमाणे घरातला कर्ता पुरुष, जिथे असेल तिथून शोधून परत बसवायचा. मग आवाज पिंपातला येईल, पण येईल तरी. एवलोगीने फ्रिज सरकवला. फ्रिजखाली त्याला एक औषधाची गोळी, ख्रिसमसच्या झाडाचा तारा आणि त्याचा हरवलेला चष्मा मिळाला. कपॅसिटर नव्हता.

नेवेना उकडलेले गहू टेबलावर पांढऱ्या कापडावर पसरून वाळवत होती. बराच वेळ ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"तांबूस आहे का रे ते? दोन्ही टोकांना चंदेरी?"

"हो."

"मग ते माझ्याकडे आहे. मला वाटलं गव्हाला किडे कसे लागले. बशीत बाजूला काढून ठेवलंय."

"हे उकडलंस तू?"

"चांगलं तासभर," नेवेना म्हणाली. मग, त्याला बरं वाटावं म्हणून, "मीठ नव्हतं घातलं."

स्मशानात या गव्हाचा पहिला घास घेणाऱ्या पाद्री गावरील यांची दाढ थोडक्यात वाचली होती, याबद्दल तिने तिथेच उभ्या उभ्या देवाचे आभार मानले. एवलोगीने उकडलेला कपॅसिटर रुमालाने पुसला, चिमटा दातांत धरला, आयर्न तापवलं, जरा जास्तच तापवलं. कपॅसिटर नेमका जागेवर बसला. मात्र ज्या तांब्याच्या रेषेवर तो बसला, ती रेषाच सालीसारखी सुटून वर आली. गेलो होतो गणपती करायला, तिथे मारुतीसुद्धा झाला नाही. माइकचं बटण दाबलं, तर आता शीळही नाही आणि शब्दही नाही. सेट ऐकत होता सगळं. बोलणं त्याने सोडलं होतं.

शनिवारी सकाळी एवलोगी कोट घालून सेटपुढे बसला. कोट घालायचं काही कारण नव्हतं. मेथोदीने एकेकाला पुकारलं, सगळ्यांनी आज गुडघे वगळून थोडक्यात नमस्कार केले. मग मेथोदी म्हणाला, "एवलोगी, नावं घे."

एवलोगी माइककडे बघत राहिला.

"एवलोगी, लोम. आहेस का?" काही क्षण नुसती खरखर. "एवलोगी नाही, असं दिसतंय. क्रस्त्यो, तू तयार राहा. एकदा शेवटचं पुकारतो."

क्रस्त्योने घसा साफ केल्याचं सगळ्या देशाला ऐकू आलं.

नेवेनाला यातलं तांत्रिक काही कळत नव्हतं. तिला नवऱ्याची पाठ दिसत होती. ती उठली, आणि कोठीच्या खोलीचं दार आपटू नये म्हणून जी जड वस्तू तिथे कित्येक वर्षं लावलेली होती, ती अ‍ॅप्रनने पुसत घेऊन आली. संगमरवरी पायाची मोर्सची चावी होती ती, टिकटिक करून अक्षरं पाठवायची. "हे चालतं का अजून?" तिने विचारलं. "याला आवाज लागत नाही ना?"

एवलोगीने चावी सेटशेजारी ठेवली. तिची वायर मागच्या भोकात पहिल्या झटक्यात गेली. तिथे काही उपटलेलं नव्हतं, काही सुधारलेलं नव्हतं. त्याने आपलं कॉल साइन ठोकलं, हळू, तरुण पोरासारखं चाचपडत. खरखर एकदम शांत वाटली.

"ऐकतोय," मेथोदी म्हणाला, आणि माइकचं बटण सोडलं.

चावीवर माणसाचं पूर्ण नाव घेत बसत नाहीत. एवलोगीने प्रत्येकाचं कॉल साइन पाठवलं, ज्या अक्षरांनी तो माणूस आयुष्यभर रात्रीच्या आभाळात स्वतःची ओळख देत आला, तेवढंच. एकाचं पाठवायचं, श्वासभर थांबायचं, पुढचं. घाई नको, चूक नको. गाब्रोवोचा झहारी गेला, कुठल्याही भिंतीला न कळता. सोतीरचं आलं तेव्हा तो आणखी जपून, एकेक ठिपका वेगळा ठेवत गेला. शेवटी 'संपलं' ही खूण दिली. मग एका मागून एक सगळ्यांनी ऐकल्याची खूण म्हणून आपापल्या सेटवर दोनदा टिचक्या दिल्या, क्रस्त्योनेही.

एवलोगी हात मांडीवर ठेवून बसला. त्याच्या मनात आता एकच गोष्ट होती: ज्यांना ऐकवायचं होतं त्या बायकांतल्या एकीलाही मोर्स येत नाही. पारास्केवा विणलेलं कापड काढून बसली असेल, आणि तिच्या वाट्याला नुसती टिकटिक आली असेल. यापेक्षा क्रस्त्यो बरा होता, छत्री घेऊन गेलेला असला तरी.

फोन वाजला. नेवेनाने घेतला, ऐकलं, आणि त्याच्यापुढे धरला. "व्राचाहून."

"एवलोगी," पारास्केवा म्हणाली. "सातवा आमचा होता ना?"

त्याला मोजून पाहावं लागलं. "हो, वहिनी. सातवा. तुम्हाला कसं कळलं?"

"मला त्यातलं काही कळत नाही हो. अ कुठला, ब कुठला, मी कधी शिकले नाही. पण भिंतीच्या या बाजूला मी झोपायची आणि त्या बाजूला तो ते वाजवायचा. लग्न झाल्यापासून. बाकीचं काय बोलायचा ते तो आणि त्याची माणसं जाणोत, पण सुरुवात आणि शेवट हाच असायचा. रोजच्या प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा ऐकलंय मी ते. दोब्रिचच्या स्लाव्काचाही आत्ता फोन आला होता. तिचा तिसरा होता म्हणते. रडत होती, पण बरी आहे."

"मला वाटलं कुणालाच..."

"एक सांगू? रागवू नका." तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही छान वाजवलंत. पण सोतीर एवढा हळू नव्हता. तुम्ही त्याला चर्चमध्ये नेल्यासारखं नेलंत. तो कायम घाईत. जेवताना घाई, बूट घालताना घाई. आणि शेवटचं अक्षर जरा ओढायचा, कसं, तुम्हाला माहीत असेल."

एवलोगीला माहीत होतं. त्या अक्षरावरून त्याने सोतीरला कितीतरी वेळा टोकलं होतं.

"फोन तसाच धरून ठेवा, वहिनी," तो म्हणाला.

त्याने सेटचं प्रसारण बंद केलं, म्हणजे आवाज फक्त खोलीत राहील, आणि फोन चावीशेजारी टेबलावर ठेवला. मग कोटाची बाही मागे सारली, आणि मनगट सैल सोडून सोतीरचं कॉल साइन सोतीरच्या घाईत, ठिपके एकमेकांच्या अंगावर पडत, वाजवलं. शेवटचं अक्षर ओढलं.



"हां," पारास्केवा म्हणाली. "हा आमचा."